मोकळं पाणी, बांधलेलं पाणी

(नंदुरबार इथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत विज्ञान शिकवत असत. त्यांच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानाचा विषय आपल्या पायाखालचा असावा आणि त्यात मोजमाप असावं, असं मला वाटलं. म्हणून आज मी भूगर्भातल्या पाण्याबद्दल बोलणार आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. मला बोलायचं आहे ते एका मोजणीबद्दल. बोअरमध्ये चुंबक सोडून भोवतालच्या खडकात किती पाणी आहे आणि त्यातलं किती आपल्या हाती लागेल, हे सांगणारी पद्धत आज जगात वापरली जाते. तिला चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. प्रयोगशाळांत आणि तेलक्षेत्रांत ती एनएमआर या नावानं ओळखली जाते. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपण जमिनीत भोकं पुष्कळ पाडली. त्यांचे फूट मोजले, त्यांचे पैसे मोजले, पण खडकातलं पाणी मोजलं नाही. ते मोजत नाही तोवर प्रत्येक नवं बोअर हा जुगार राहील, आणि या जुगारात सर्वांत आधी बुडतो तो ज्याला कर्ज मिळणंही कठीण असतं असा शेतकरी.

बोअर मारताना काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी ते पुन्हा एकदा नीट पाहू. बांधावर गाडी लागते. कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आधी काळी माती वर येते, मग पिवळसर मुरूम. तेवढ्या भागात केसिंग उतरवतात. पुढे हॅमर बसतो आणि भोकातून राखाडी भुकटी उडायला लागते. तो काळा पाषाण. मध्येच भुकटी तांबूस होते, म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली गेरूची पट्टी लागली. भुकटी ओली होऊन तिचे गोळे पडू लागले की घरातली सगळी माणसं दोन पावलं पुढे सरकतात. ऑपरेटर रॉड मोजत असतो, कारण भाव फुटावर ठरलेला असतो. पाणी उडालं तर आनंदच आहे. नाही उडालं तर प्रश्न येतो, ‘दादा, अजून पन्नास फूट जायचं का?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यासारखी माहिती त्या क्षणी त्या शेतात कुणाकडेच नसते. पाणाड्याचा कौल घेऊन झालेला असतो, कुणी मशीन लावून पाहिलेलं असतं, आणि शेवटी निर्णय होतो तो जवळ उरलेल्या पैशांवर.

गाडी निघून जाते. भुकटीचा ढीग पहिल्या पावसात वाहून जातो. किती फुटांवर कोणता खडक लागला, ओल कुठे लागली, याची एक ओळही बहुतेक वेळा कुठे लिहिली जात नाही. कोरडं गेलेलं बोअरसुद्धा खरं तर माहिती देऊन गेलेलं असतं. शेतकऱ्यानं तिची किंमत मोजलेली असते, आणि ती माहिती त्याच्या किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या पदरात पडत नाही.

आता आपल्या जिल्ह्याची जमीन पाहू. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा लहान आहे, पण त्याच्या पोटात एकाच प्रकारची जमीन नाही. उत्तरेला नर्मदेपर्यंत पसरलेला सातपुडा: धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ. सगळा बेसॉल्ट, उभे उतार, पाऊस पडतो आणि पळून जातो. डोंगर संपतो तिथे पायथ्याशी गोटे, खडी, वाळू आणि माती यांचा पट्टा आहे. त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. गोमाई, सुसरी यांसारख्या नद्या इथून उतरून तापीकडे वाहतात. त्याच्या दक्षिणेला तापीचा गाळ. वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकावर एक. शहादा, तळोदा आणि नंदुरबार तालुक्यांतली ऊस, केळी, पपई, कापूस ही पिकं याच पट्ट्यावर उभी आहेत. तापी ओलांडून दक्षिणेकडे आणि नवापूरकडे गेलं की पुन्हा बेसॉल्ट, आणि त्या बेसॉल्टला चिरत गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्या भेगांतून तप्त रस वर चढला आणि तिथेच थिजला, त्या या भिंती, म्हणजे डाइक. नंदुरबार-धुळे डाइकसमूह हा दख्खनच्या पठारावरचा मोठा डाइकसमूह मानला जातो. त्यातले बहुसंख्य डाइक पूर्व-पश्चिम जातात. काही डाइक जमिनीखालच्या पाण्याला बांधासारखे अडवतात, तर काहींच्या कडेच्या भेगांतून पाणी वाहतं. म्हणून एकाच गावात बांधाच्या अलीकडे भरलेली विहीर आणि पलीकडे कोरडं बोअर दिसतं. यात नशिबाचा भाग नाही, खडकाची रचनाच तशी आहे.

पायथ्याच्या या पट्ट्याचा गुण खानदेशाला नवा नाही. बऱ्हाणपूरला सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरात आणलं गेलं. तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो. ज्यांनी तो खोदला त्यांच्यापाशी यंत्र नव्हतं, पण पाणी कुठून येतं, कोणत्या पातळीवर असतं आणि किती उताराने वाहतं याचा अभ्यास त्यांनी आधी केला आणि मगच कुदळ मारली. आपल्याकडे यंत्र आलं आणि अभ्यास मागे पडला.

अभ्यास म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. चिकणमातीत पाणी नसतं असा समज असेल तर तो चुकीचा आहे. चिकणमातीच्या एकूण आकारमानात चाळीस-पन्नास टक्के पाणी असू शकतं, वाळूपेक्षाही जास्त. पण तिची छिद्रं इतकी बारीक असतात की पाणी कणांना चिकटून बसतं आणि पंपाकडे येत नाही. म्हणून खडकात पाणी किती आहे, याच्या पुढचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: त्यातलं मोकळं किती आणि बांधलेलं किती? देशातल्या भूजलाचा हिशेब करताना जे प्रमाण धरलं जातं त्यानुसार वाळूच्या गाळातून आकारमानाच्या साधारण 16 टक्के पाणी निचरून मिळतं, चिकण गाळातून 6 टक्के, आणि झिजलेल्या, सांधे पडलेल्या बेसॉल्टमधून फक्त 2 टक्के.

हेच एका एकरावर मांडू. एकराखाली दहा मीटर जाडीचा, पाण्यानं पूर्ण भरलेला थर धरा. वाळू असेल तर त्यातून सुमारे 65 लाख लिटर पाणी मिळेल. चिकण गाळ असेल तर 24 लाख. झिजलेला बेसॉल्ट असेल तर 8 लाख. आता दुसरी बाजू पाहा. उसाला वर्षभरात पाऊस आणि पाटपाणी धरून 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एकरी 80 लाख लिटर. पावसाचा वाटा वजा केला तरी बेसॉल्टवरच्या एकराला त्याच्या पोटातलं पाणी किती पुरेल, ते सांगायला गणिताच्या शिक्षकाची गरज नाही. मात्र यातली 16, 6 आणि 2 ही सरासरी प्रमाणं आहेत. माझ्या शेताखाली, माझ्या गावाखाली नेमका आकडा काय आहे, तो कुणी मोजलेला नसतो. तो मोजण्याचं साधन म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन.

हे काम कसं चालतं? पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की अशा असंख्य प्रोटॉनांचा एकत्रित कल त्या क्षेत्राच्या दिशेनं होतो. मग योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरींचा एक धक्का दिला की ते सगळे एका ठेक्यात त्या क्षेत्राभोवती फिरू लागतात, आणि जवळ ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतसंकेत उमटतो. संकेत जितका मोठा तितका हायड्रोजन जास्त, म्हणजे पाणी जास्त. बेसॉल्ट असो वा वाळू, दगडाचा स्वतःचा संकेत यात येत नाही, जो येतो तो छिद्रांतल्या द्रवाचाच. किरणोत्सर्ग यात अजिबात नाही.

पण संकेत किती मोठा आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो, हे जास्त मोलाचं. लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. शिट्टी वाजली आणि सगळ्यांचा ठेका एक झाला. मोकळ्या मैदानावर तो ठेका बराच वेळ टिकतो. तेच पथक अरुंद बोळात शिरलं की भिंतींचे धक्के लागतात, एकेकाचा ताल चुकतो आणि थोड्याच वेळात ठेका मोडतो. पाण्याच्या रेणूंचं तसंच होतं. छिद्र जितकं लहान तितक्या भिंतींच्या धडका जास्त, आणि संकेत तितक्या लवकर विझतो. मोकळ्या पाण्याचा संकेत दोन-तीन सेकंद टिकतो. जाड वाळूतला काही शे मिलिसेकंद टिकतो. चिकणमातीत बांधलेल्या पाण्याचा संकेत तीनेक मिलिसेकंदांतच संपतो. म्हणजे एकाच मोजणीत दोन उत्तरं मिळतात: एकूण पाणी किती, आणि त्यातलं मोकळं किती. छिद्रांचा आकार कळला की पाणी किती सहज वाहील याचाही अंदाज बांधता येतो. त्याची सूत्रं 1960 च्या दशकापासून तयार होत आली आहेत.

ही विद्या कुठून आली? 1946 साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी हा परिणाम स्वतंत्रपणे दाखवला; 1952 चं नोबेल पारितोषिक दोघांना मिळालं. यात आपल्या देशाचा वाटा लवकर सुरू झाला, हे आवर्जून सांगायला हवं. 1951 साली स्टॅनफर्डला अर्नॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या एकाच रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत मिळवून दाखवले. रसायनशास्त्राला त्यामुळे एक नवं साधन मिळालं. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचा संशोधकगट त्यांनी उभा केला. त्याच 1951 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवात हा संकेत कसा बदलतो यावर निबंध प्रसिद्ध केला. वाहत्या पाण्याचं चुंबकीय मोजमाप हा विषय त्या काळात भारतात हाताळला जात होता.

जमिनीत ही पद्धत नेली ती तेलवाल्यांनी. बोअरमध्ये तारेनं उपकरण सोडून खडकाची नोंद घ्यायची पद्धत त्याआधीची. श्लुम्बर्जर बंधूंच्या कंपनीनं 5 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे पहिली विद्युत नोंद घेतली. 1960 च्या सुमारास एनएमआरची पहिली उपकरणं विहिरीत उतरली. ती पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून होती, त्यामुळे संकेत क्षीण मिळायचा. त्यातच भोकातल्या चिखलाचाच संकेत इतका मोठा येई की तो बुजवण्यासाठी चिखलात मॅग्नेटाइटची भुकटी मिसळावी लागे. हे काम जिकिरीचं होतं. वाट मोकळी केली ती 1980 च्या सुमारास लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॅस्पर जॅक्सन यांच्या कल्पनेनं. दवाखान्यात माणूस चुंबकाच्या आत जातो. जॅक्सन यांनी चुंबकच भोकात उतरवला आणि त्याचं क्षेत्र बाहेर, खडकात, ठरावीक अंतरावर नेमकं मिळेल अशी रचना केली. 1990 च्या दशकात अशी उपकरणं तेलक्षेत्रांत रुळली, आणि पुढे भूजलासाठी चार-पाच इंची भोकात जाणारी, दोघा-तिघांना हाताळता येणारी उपकरणंही आली.

तेलवाल्यांना हे का हवं होतं, तेही सांगतो. भोकाभोवतीच्या खडकात पाणी आहे, तेल आहे की वायू, आणि ते वाहून येईल का, याचं उत्तर त्यांना विहिरीवर आणखी खर्च करण्याआधी हवं असतं. पातळ तेल, घट्ट तेल, पाणी आणि वायू यांचे संकेत विझण्याचे वेळ आणि रेणूंचा इकडेतिकडे सरकण्याचा वेग वेगवेगळे असतात, त्यावरून त्यांचा भेद करता येतो. आपल्याच दख्खनच्या बेसॉल्टच्या भेगांत, वडोदऱ्याजवळ पादरा इथे, ओएनजीसीला तेल मिळालं आहे. ज्या खडकाला आपण कोरडा म्हणून शिव्या घालतो त्याच्या भेगांत द्रव साठतो आणि वाहतो, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

आता उपकरण भोकात उतरताना जवळून पाहू. माणसाच्या उंचीएवढी, मनगटाहून थोडी जाड नळी असते. आत कायमस्वरूपी चुंबक आणि तारेचं वेटोळं. तिपाईवरच्या कप्पीवरून केबल जाते आणि चाकावर खोली मोजली जाते. नळी तळापर्यंत सोडतात आणि मग वर घेत घेत, दर अर्ध्या मीटरला थांबवून मोजतात. थांबलं की काही शे किलोहर्ट्झच्या लहरींचे धक्के एकामागून एक दिले जातात. दुसऱ्या धक्क्यानं विस्कटलेला ठेका पुन्हा जुळतो आणि प्रतिध्वनी येतो, हे अर्विन हान यांनी 1950 साली दाखवलं होतं. अशा शेकडो प्रतिध्वनींची माळ नोंदली जाते. नळीपासून काही सेंटिमीटर दूर, भोकाच्या भिंतीच्या मागे, खडकाचं नळकांड्यासारखं एक पातळ कवच, तेवढ्यातलंच पाणी मोजलं जातं. भोकातलं पाणी त्यात येत नाही. लॅपटॉपवर खोलीनुसार एक पट्टी तयार होत जाते. डावीकडे संकेत लगेच विझलेला, म्हणजे चिकणमातीतलं पाणी. मध्ये बारीक छिद्रांतलं. उजवीकडे बराच वेळ टिकलेला संकेत, म्हणजे मोकळं पाणी. तापीच्या गाळात अशी नोंद घेतली तर जाळीचा पाइप कोणत्या फुटापासून कोणत्या फुटापर्यंत बसवायचा हे पट्टी पाहून ठरवता येईल. ट्यूबवेल घेणाऱ्याला यातलं मोल लगेच कळेल.

केसिंग लोखंडी असेल तर ही मोजणी होत नाही, कारण लोखंड चुंबकीय क्षेत्र अडवतं. पीव्हीसी पाइप असेल तर अडचण नाही. आपल्याकडे पीव्हीसी सर्रास वापरलं जातं, आणि बेसॉल्टमध्ये तर वरचा मुरूम सोडला की खाली भोक उघडंच असतं. त्या दृष्टीनं आपली बोअरं या मोजणीला सोयीची आहेत.

याचा एक प्रकार भोकाशिवायही चालतो. जमिनीवर केबलचं मोठं कडं पसरायचं, त्यातून वीज सोडायची आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाच वापर करून खालच्या पाण्याचा संकेत ऐकायचा. 1970-80 च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या नोवोसिबिर्स्कमध्ये अनातोली सेम्योनोव्ह आणि सहकाऱ्यांनी हे उपकरण घडवलं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते भारतातही वापरलं: हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेबरोबर ग्रॅनाइटच्या प्रदेशात, कर्नाटकात मूळेहोळेच्या जंगलातल्या पाणलोटात, आणि मंगळूरजवळच्या ससिहित्लू इथे समुद्रकाठच्या वाळूत गोड्या पाण्याचा साठा मोजण्यासाठी. म्हणजे ही विद्या आपल्या देशाच्या जमिनीवर पारखलेली आहे.

मग ती इथे जशीच्या तशी आणावी का? नाही, आणि त्याची कारणं समजून घ्यायला हवीत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे 44 हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. त्यात पाण्याच्या प्रोटॉनांचा ठेका सेकंदाला 1,900 च्या आसपास पडतो. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि 50 च्या पटीत 1,900 बसतो. उसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात पंपांच्या तारांचं जाळं आहे. त्या गोंगाटात जमिनीवरून हा संकेत ऐकणं अवघड जातं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला न्यावी लागली होती. आपल्या शेतांत तीच अडचण आहे, म्हणून इथे बोअरमधली पद्धत अधिक उपयोगी. तिची वारंवारता निराळी, आणि ती पाण्याच्या अगदी जवळ जाऊन ऐकते.

दुसरी अडचण खुद्द बेसॉल्टची. त्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. ती छिद्राछिद्रात क्षेत्र वाकडं करतात, त्यामुळे ठेका लवकर मोडतो आणि मोकळं पाणीही बांधलेलं भासू शकतं. प्रतिध्वनींची पद्धत यातला बराच दोष काढते, पण सगळा काढत नाही. म्हणून वाळूच्या खडकासाठी तेलक्षेत्रात ठरलेली 33 मिलिसेकंदांची सीमारेषा इथे डोळे मिटून लावता येणार नाही. आपल्या खडकासाठी ती पंपिंग चाचण्यांशी ताडून नव्यानं ठरवावी लागेल.

तिसरी मर्यादा अशी की काळ्या पाषाणातली एखादी बारीक भेग पुष्कळ पाणी वाहून आणते, पण तिच्यात एका वेळी पाणी थोडंच असतं. इतकं थोडं, की चुंबकाला ते दिसणार नाही. तिथे भोकात कॅमेरा, तापमानाची नोंद आणि प्रवाहमापक यांचीच साथ लागेल. आणि चौथी: पाण्यात क्षार किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, हे ही पद्धत सांगत नाही. त्यासाठी नमुना घेऊन प्रयोगशाळेतच जावं लागतं. या मर्यादा मी लपवणार नाही, कारण अर्धवट कळलेलं यंत्र गावात आणलं की त्याचाही पाणाड्या होतो.

तरीही जिथे ही पद्धत आपलं काम करील असे थर आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. तापीचा गाळ, पायथ्याचा गोटेवाळूचा पट्टा, मांजऱ्या म्हणतात तो छिद्राळ बेसॉल्ट, आणि लाव्ह्याच्या थरांचे फोडासारख्या छिद्रांचे माथे. सातपुड्याच्या वरच्या गावांत, जिथे पाणी भेगांतून झऱ्याला येतं, तिथे मात्र बोअरांपेक्षा झरा आणि त्याचं पाणलोट जपणं हेच योग्य, असं माझं ठाम मत आहे. मोजणी कुठे करायची आणि कुठे नाही, हे ठरवणं हाही विज्ञानाचाच भाग.

1970 च्या दशकाच्या आरंभी आपल्या राज्यात भूजलाचं काम संघटितपणे सुरू झालं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतली पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. ते काम मोलाचं आहे. पण पातळी सांगते की पाणी किती खाली गेलं; किती पाणी गेलं, ते सांगत नाही. एक मीटर पातळी खाली गेली तर वाळूत गेलेलं पाणी आणि बेसॉल्टमध्ये गेलेलं पाणी यांत आठपटीचा फरक असतो. पातळीच्या जोडीला थराथरातल्या मोकळ्या पाण्याचं प्रमाण कळलं तरच गावाचा ताळेबंद खरा होईल. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत आणि विंधनयंत्रांची नोंदणी आहे. खोलीवर बंधन घालणारा कायदा आहे, तर खोलीवर काय सापडलं ते लिहून ठेवण्याची शिस्तही हवी. आणि हे काम नुसत्या शेतीपुरतं नाही. 10 मे 2025 रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी खोऱ्याच्या महापुनर्भरणाचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी जिरवायचं तर त्या गोट्यावाळूत मोकळी जागा किती, हे आधी मोजायलाच हवं.

म्हणून या व्यासपीठावरून तीन गोष्टी मागतो. पहिली, जिल्ह्यात सरकारी खर्चानं जे बोअर होईल, पाणी लागो वा न लागो, त्याची फुटाफुटाची नोंद ग्रामपंचायतीत लागावी आणि ती कुणालाही पाहता यावी. यासाठी कसल्याही यंत्राची गरज नाही. वही, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि भुकटीचे नमुने एवढ्यावर उद्यापासून सुरुवात होऊ शकते. दुसरी, चार ठिकाणं निवडून तिथे चुंबकीय अनुस्पंदनाची मोजणी आणि पंपिंग चाचणी एकत्र करावी: शहाद्याच्या गाळात एक, तळोद्याच्या पायथ्याला एक, नवापूरच्या बेसॉल्टमध्ये एक आणि डाइकच्या काठी एक. उपकरण महाग आहे, ते जिल्ह्यानं विकत घ्यावं असं मी म्हणत नाही. कोयनेच्या खोल विंधनासाठी कराडला उभी राहिलेली केंद्र सरकारची बोअरहोल प्रयोगशाळा आहे, हैदराबादची संस्था आहे. त्यांना निमंत्रण द्यावं. तिसरी, त्या मोजणीच्या वेळी आपल्या महाविद्यालयांतली, विद्यापीठातली आणि आयटीआयची मुलं तिथे उभी असावीत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांतल्या मुलामुलींनी केबल सोडावी, पट्टी वाचावी आणि आपल्या गावाला आपल्या बोलीत ती समजावून सांगावी. पाण्याचं ज्ञान बाहेरून आलेल्या अहवालात राहिलं तर कपाटातच राहतं, आणि गावच्या पोरीला वाचता आलं तर ग्रामसभेत येतं.

मोजलेलं पाणी वाटून घेता येतं. न मोजलेल्या पाण्यावर ज्याचं बोअर खोल आणि पंप मोठा त्याचा हक्क बसतो. आपल्या जिल्ह्यात लहान शेतकरी, आदिवासी शेतकरी, वनपट्टाधारक यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी मोजणी हा न्यायाचा प्रश्न आहे. ज्या शेतात दहा मीटर झिजलेला बेसॉल्ट आणि आठ लाख लिटर पाणी आहे, त्या शेतकऱ्याला ते कर्ज काढण्याआधी कळलं पाहिजे. शेजारच्या कारखान्याला, बागायतदाराला, बँकेला आणि सरकारलाही तेवढंच स्पष्ट कळलं पाहिजे. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या नावानं आपण जमलो आहोत. त्यांना दिलेली खरी आदरांजली म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी या चार बोअरांची नोंद या जिल्ह्याच्या नावावर असणं. त्यासाठी जे श्रम लागतील त्यांत मी तुमच्याबरोबर आहे.